शेंद्र्याच्या जुन्या ऑक्टाव्हियाला नवा आवाज

जुन्या स्पोर्ट्स गाडीची साउंड सिस्टीम सुधारायची म्हणजे जुना डेक काढून नवा बसवायचा, एवढाच बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात वीस वर्षांच्या गाडीत वायरिंग, अर्थिंग, दारांची सीलं, प्लास्टिकच्या क्लिपा आणि मूळ स्पीकर असे सगळेच थकलेले असते, आणि आवाजाचा दर्जा या सगळ्यांवर अवलंबून असतो. म्हणूनच हे काम नव्या गाडीपेक्षा वेगळ्या क्रमाने करावे लागते.

मराठवाड्यात या कामाचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाने २००१ मध्ये गाड्यांची जुळणी सुरू केली. आरएस ही ऑक्टाव्हियाची तेज आवृत्ती भारतात २००४ मध्ये आली. तिच्यात १.८ लिटरचे, १५० अश्वशक्तीचे टर्बो-पेट्रोल इंजिन होते. पेट्रोल गाडीला टर्बो ही तेव्हा आपल्याकडे नवलाईची गोष्ट होती. दोन आसनांची, बुटकी अशी ही स्पोर्ट्स गाडी नव्हे. चार दारे, पाच माणसे आणि ५२८ लिटरची डिकी असलेली ही घरगुती गाडी, पण चालवणाऱ्याला खूश करणारी. आज ती पंधरा वर्षांची नोंदणी मुदत ओलांडून पुनर्नोंदणीवर चालते आहे. देवगाव रंगारी, कन्नड, वैजापूर या बाजूला ती कोणी हौसेने राखली असेल, तर तिच्या आवाजाचे काम कसे करावे, याचा हा क्रमवार आढावा. फियाट पालिओ किंवा त्या काळातल्या इतर गाड्यांनाही यातले बहुतेक सारे लागू पडते.

आधी गाडीची तपासणी

पहिले काम बॅटरी आणि अल्टरनेटरचे. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू गाडीत दिवे, पंखा आणि एसी लावल्यावर आकडा १३च्या खाली जात असेल, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा अर्थची पट्टी यांत दोष असतो. अशा गाडीला अ‍ॅम्प्लिफायर जोडल्यास प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात.

दुसरी तपासणी गुपचूप गळणाऱ्या करंटची. चावी काढून, सगळी दारे लावून थोडा वेळ थांबल्यावर बॅटरीतून ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जात असेल, तर काहीतरी चालूच राहिले आहे असे समजावे. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने लावलेला अलार्म, अर्धवट तोडलेल्या वायरी किंवा नंतर बसवलेला डेक हे त्यामागचे नेहमीचे गुन्हेगार. ते निस्तरल्याशिवाय नवे काही जोडू नये. चार दिवस उभी राहिल्यावर गाडी चालू झाली नाही, तर दोष नव्या सिस्टीमवर येतो आणि मूळ कारण शोधणे अवघड होऊन बसते.

तिसरी तपासणी मूळ स्पीकरची. ज्या स्पीकरच्या कागदी शंकूभोवती फोमची कड असते, त्यात दमट हवा आणि उष्णता यांमुळे ती कड हळूहळू कुजते आणि बोट लावताच भुकटी होते. रबराची कड बरीच जास्त टिकते. स्पीकर फरफरत असेल, तर आधी ही कड पाहावी. नुसता स्पीकर बदलूनही अनेकदा निम्मे काम होऊन जाते.

डेक: बदलावा की ठेवावा?

त्या पिढीच्या ऑक्टाव्हियाच्या डॅशबोर्डमध्ये डबल-डिन आकाराचा, म्हणजे सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच रेडिओ बसतो. त्यामुळे बाजारातला आजचा टचस्क्रीन डेकही योग्य पट्टी वापरून तिथे बसवता येतो. मात्र कपलर जोडण्यापूर्वी, स्कोडा ज्यात मोडते त्या फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांच्या तीन खोडी ठाऊक असायला हव्यात.

पहिली खोड सप्लायच्या वायरींची. या गाड्यांच्या कपलरमध्ये कायमचा सप्लाय आणि चावीवरचा सप्लाय यांच्या जागा इतर अनेक गाड्यांच्या तुलनेत उलट असतात. तसेच जोडले तर चावी काढताच डेक घड्याळ आणि साठवलेली रेडिओ केंद्रे विसरतो. उपाय सोपा आहे: डेकच्या लाल आणि पिवळ्या वायरींची अदलाबदल करायची. अनेक जोडणी वायरींत याच कामासाठी मध्ये बुलेट कपलर दिलेले असतात.

दुसरी खोड अँटेनाची. छतावरच्या अँटेनात छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज अँटेनाच्या केबलमधूनच मिळते. नवा डेक ती वीज देत नाही. मग आकाशवाणीचे केंद्रही खरखरत लागते आणि दोष डेकला दिला जातो. त्यासाठी वीज पुरवणारा छोटा अँटेना अडॅप्टर मध्ये लावावा लागतो.

तिसरी खोड जास्त महागात पडू शकते. मूळ रेडिओच्या कपलरमध्ये निदानाची एक वायर असते. तीच वायर इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलणाऱ्या स्कॅनरसाठी वापरली जाते. सर्वसाधारण कपलर डोळे झाकून जोडला आणि ती वायर डेकमधल्या दुसऱ्याच कशाला लागली, तर गॅरेजमधला स्कॅनर गाडीशी बोलेनासा होतो. ती वायर वेगळी काढून टेप लावून बंद ठेवावी.

मूळ रेडिओ जपायचा असेल, तर त्याचा चार आकडी सुरक्षा कोड आधी शोधून ठेवावा. बॅटरी काढल्यावर पडद्यावर ‘सेफ’ असे दिसते आणि कोड दिल्याशिवाय रेडिओ सुरू होत नाही. कोड चुकत गेला, तर तो काही वेळ लॉकही होतो. मूळ रेडिओ तसाच ठेवून सीडी चेंजरच्या जोडणीतून ब्लूटूथ आणणारे अडॅप्टर मिळतात. डॅशबोर्डचा चेहरा जसाच्या तसा ठेवायचा असेल, तर हा मार्ग सर्वांत सभ्य. गाडी जितकी जुनी होत जाते, तितकी तिच्या मूळ भागांची किंमत वाढते. म्हणून काढलेला रेडिओ, स्पीकर, स्क्रू आणि पट्ट्या नावे लिहून खोक्यात ठेवाव्यात.

वॅटचे गणित

डेकच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे ठळक छापलेले असते. हा आकडा क्षणिक कमाल मर्यादेचा असतो. १४.४ व्होल्टवर चालणारा, आतला नेहमीचा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात तात्त्विक हिशेबाने जास्तीत जास्त २६ वॅट देऊ शकतो. प्रत्यक्षात ही शक्ती १८ ते २२ वॅट भरते. त्यापुढे आवाज वाढवला की लहरींची टोके कापली जातात, आवाज फाटतो आणि ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचे छोटे स्पीकर, जळतात. म्हणून खरेदी करताना ‘आरएमएस’ (सतत मिळणारी शक्ती) हा शब्द ज्या आकड्यासमोर असेल, तोच पाहावा.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. शक्ती दुप्पट केली, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो जेमतेम जाणवतो. उलट, ८८ ऐवजी ९१ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच वॅटमध्ये तेवढाच फायदा मिळतो. वॅट वाढवण्यापेक्षा चांगला स्पीकर निवडणे अनेकदा स्वस्त पडते ते यामुळेच.

दार हीच स्पीकरची पेटी

घरातला स्पीकर लाकडी पेटीत असतो. गाडीत ती पेटी दाराने पुरवायची असते. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेव्हा मागे उलट दिशेने हवा ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोके असतील, तर मागची हवा पुढच्या हवेत मिसळते आणि कमी वारंवारतेचे आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. ढोलकी, पखवाज, बास गिटार असे सगळे पातळ वाटू लागते. ही भोके बंद करणे हा जुन्या गाडीतला सर्वांत जास्त परतावा देणारा खर्च आहे.

ऑक्टाव्हियाच्या पुढच्या दारात साधारण १६५ मिलिमीटरचा, म्हणजे साडेसहा इंची स्पीकर असतो आणि तो रिव्हेटने बसवलेला असतो. दाराचे पॅड काढताना क्लिपा तुटतातच, कारण वीस वर्षांत प्लास्टिक कडक झालेले असते. नव्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात. रिव्हेट ड्रिलने उडवताना लोखंडाचा कीस दारात पडतो. तो चुंबकाने किंवा व्हॅक्यूमने काढला नाही, तर तिथेच गंज सुरू होतो. नवा स्पीकर बसवण्यापूर्वी काच पूर्ण खाली करून पाहावी. मागचे चुंबक जास्त खोल असेल, तर काच त्याला धडकते. स्पीकरखाली लावायची रिंग साध्या एमडीएफची असेल, तर पावसाळ्यात फुगते. त्यामुळे प्लास्टिकची किंवा नीट रंगवलेली रिंग घ्यावी.

पाण्याचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा. काचेच्या कडेने पावसाचे पाणी दारात शिरते आणि खालच्या भोकांतून निघून जाते, अशीच दाराची रचना असते. पाणी गाडीच्या आत येऊ नये म्हणून आतल्या पत्र्यावर सील असते. या पिढीच्या फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांत ते सील जुने होऊन सुटणे ही ठाऊक असलेली तक्रार आहे. गालिचा ओला, काचांवर धुके आणि कुबट वास ही तिची लक्षणे. स्पीकरसाठी दार उघडलेच आहे, तर सीलही बदलून घ्यावे आणि दारातली खालची भोके तारेने मोकळी करावीत.

दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर आतून ब्युटाइल रबराची, वर अ‍ॅल्युमिनियम असलेली, साधारण २ मिलिमीटर जाडीची पट्टी चिकटवतात. सगळा पत्रा झाकायची गरज नसते. मधला मोठा भाग झाकला, तरी कंपन बरेच कमी होते. दार बंद करताना ‘खण्ण’ऐवजी ‘धप्प’ असा आवाज आला, की काम झाले असे समजावे. स्वस्तात मिळणारी डांबरी शीट मात्र टाळावी. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि उन्हात बंद उभ्या गाडीचे आतले तापमान त्याहून खूप वर चढते. त्या उष्णतेत डांबर वितळते, वास मारते आणि घसरून भोके बुजवते.

पुढचे स्पीकर आधी

पैसे मर्यादित असतील, तर मागचे स्पीकर विसरून पुढच्यांवर खर्च करावा. माणूस समोर बघतो, त्यामुळे गाणेही समोरूनच आले पाहिजे. वूफर आणि ट्वीटर वेगळे असलेला कंपोनंट सेट यासाठी योग्य. ट्वीटर उंचावर, आरशाच्या कोपऱ्याजवळ बसवला, की गायकाचा आवाज पायापाशी न राहता डॅशबोर्डवर येतो. वूफर आणि ट्वीटर एकाच चौकटीत असलेला कोअ‍ॅक्सियल स्पीकर स्वस्त आणि बसवायला सोपा असतो. मागच्या सीटवरच्या मंडळींसाठी तो पुरेसा आहे.

उजव्या हाताच्या स्टिअरिंगमुळे चालकाला उजवा स्पीकर जवळ आणि डावा लांब पडतो. अंतरातला फरक ७० सेंटिमीटर धरला, तर ध्वनीच्या सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने डाव्या स्पीकरचा आवाज २ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. एवढ्यानेही सगळे गाणे उजव्या दारातून येत असल्यासारखे वाटते. आजच्या चांगल्या डेकमध्ये किंवा डीएसपीमध्ये, म्हणजे वेगळ्या ध्वनी-प्रोसेसरमध्ये, जवळच्या स्पीकरला तेवढाच उशीर देता येतो. टेपने प्रत्येक स्पीकरपासून चालकाच्या डोक्यापर्यंतचे अंतर मोजून ते आकडे भरायचे, एवढेच काम असते. ते करण्याआधी सगळ्या स्पीकरच्या अधिक-उणे वायरी बरोबर आहेत ना, हे तपासावे. एका स्पीकरची जोडणी उलटी असेल, तर बेस गायब होतो आणि कितीही ट्यूनिंग केले तरी परतत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर, वायर आणि फ्यूज

बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा ठरला, तर क्लास-डी प्रकारचा घ्यावा. तो ८० टक्क्यांच्या वर कार्यक्षम असतो, कमी तापतो आणि सीटखालीही मावतो. ४०० वॅट आरएमएस देणारा असा अ‍ॅम्प पूर्ण जोरात ५०० वॅट ओढतो, असे धरू. १३.८ व्होल्टवर तो करंट ३६ अँपिअर होतो. गाण्यात तो सतत लागत नाही, पण वायर त्या हिशेबानेच घ्यावी लागते. ८ गेजची, म्हणजे सुमारे ८ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५० ते ६० अँपिअरच्या फ्यूजपर्यंत चालते. त्यापुढे ४ गेजची, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असते. चाकूने खरवडल्यावर आत पांढरे दिसले, तर ती तीच. तिच्यात व्होल्टेज जास्त पडतो, त्यामुळे एक माप जाड घ्यावी लागते.

फ्यूज अ‍ॅम्पजवळ नव्हे, तर बॅटरीजवळ हवा, टर्मिनलपासून फार तर ४५ सेंटिमीटरवर. तो अ‍ॅम्पचे नव्हे, वायरचे रक्षण करतो. इंजिनाकडून आत येणारी वायर पत्र्यावर घासून उघडी पडली आणि फ्यूज डिकीत असला, तर सगळी बॅटरी त्या ठिणगीत रिकामी होते आणि गाडी पेट घेते. म्हणून वायर नेहमी रबरी ग्रोमेटमधूनच आत न्यावी आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवावी.

अर्थ जोडताना रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आखूड वायर पक्की बसवावी आणि वर ग्रीस किंवा रंग लावावा. सॅन स्टॉर्मसारख्या फायबरग्लास बॉडीच्या गाडीत पत्राच नसल्याने अर्थची वायर चासीपर्यंत किंवा थेट बॅटरीपर्यंत न्यावी लागते. इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार करणारी शिट्टी ऐकू आली, तर बहुतेक वेळा दोष अर्थमध्ये असतो. सिग्नलच्या आरसीए वायरी सप्लायच्या वायरीपासून वेगळ्या, गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेल्या की उरलेली घरघरही कमी होते.

बेस आणि डिकी

ऑक्टाव्हियाची डिकी मागच्या काचेसह वर उघडते आणि केबिनपासून फक्त पार्सल ट्रेने वेगळी असते. त्यामुळे डिकीतला बेस सहज आत येतो आणि १० इंची एक सबवूफर बंद पेटीत पुरतो. पेटी ठेवताना स्टेपनीची जागा घेऊ नये. देवगाव रंगारीहून रात्री निघालेल्या माणसाला पंक्चर झाल्यावर सबवूफरपेक्षा स्टेपनीची गरज जास्त. पेटी पट्ट्याने बांधलेली हवी, कारण जोरात ब्रेक लावल्यावर मोकळी १५ किलोची पेटी सीटवर येऊन आदळते. दारातल्या स्पीकरना साधारण ८० हर्ट्झच्या खालचे आवाज देऊ नयेत आणि सबवूफरला त्याच्या वरचे. या वाटणीने दोघांवरचा भार कमी होतो.

शेवटचे काम खडखडाट शोधण्याचे. ४० ते ८० हर्ट्झचा एकसुरी आवाज मध्यम पातळीवर लावून, प्रत्येक पॅनेलवर तळहात दाबत गाडीभर फिरायचे. हात ठेवल्यावर जिथला कंप थांबतो, तिथे कापडी टेप किंवा फेल्टची पट्टी लावायची. नंबर प्लेट, पार्सल ट्रे आणि सीट बेल्टची बकले ही नेहमीची ठिकाणे.

कायदा आणि कान

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल गाडीत करता येत नाही. डेक आणि स्पीकर त्या तपशिलांत येत नाहीत, पण त्यांच्यासाठी सीट काढून टाकणे येते. नंतर बसवलेली विजेची उपकरणे विम्यात वेगळी नोंदवावी लागतात. नाहीतर चोरी किंवा आगीत त्यांची भरपाई मिळत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. उघड्या काचांनी मोठा बेस लावून गावातून जाणारी गाडी ती सहज ओलांडते. कानांसाठी ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सोसण्याजोगा मानतात आणि त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ॲम्ब्युलन्सचा सायरन आत ऐकू येईल, एवढीच पातळी गाडी चालवताना ठेवावी.

एकूण खर्चाची वाटणी करायची, तर आधी बॅटरी, अर्थ आणि दारांची सीलं, मग दारातले ब्युटाइल आणि पुढचे स्पीकर, मग अ‍ॅम्प आणि सबवूफर सर्वांत शेवटी. डेकचा नंबर यात कुठेही आला तरी चालतो. गाडीचा मूळ पत्रा किंवा मूळ वायर कापावी लागेल, असे काम कोणी सांगितले तर नकार द्यावा. कपलर जोडून केलेले काम कधीही काढता येते. कापलेला डॅशबोर्ड मात्र शेंद्र्याच्या कारखान्यातूनही आता नवा मिळणार नाही.